मला झगा घालू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी कालच तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. हृदयाचा मात्र भरवसा नाही असंही तेच म्हणाले, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारे येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. आधी माझ्या देहाबद्दल, कारण घर थांबू शकतं, देह थांबत नाही.

आमच्या चर्चमध्ये प्रापंचिक माणसांचं एक मंडळ आहे. संसार आणि नोकरी सांभाळून साधेपणाने राहायचं, प्रार्थना करायची, आजाऱ्यांकडे जायचं, मयताची तयारी करायची, हे त्यांचं व्रत. सभासदाला वचन घेण्याच्या दिवशी राखाडी झगा मिळतो आणि शवपेटीतही तोच घालतात. हे झगे अडतीस वर्षं मी शिवते आहे. मयताचे हात वळत नाहीत, म्हणून पाठीची मधली शिवण मी कच्च्या टाक्यांची ठेवते. एक दोरा ओढला की झगा मागून उघडतो. ही युक्ती माझी आहे, मंडळाची नाही.

मी स्वतः सभासद नाही. नियम असा, की एक वर्ष चौकशीचं, दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढायची, मग वेदीपुढे वचन आणि मग वहीत नाव. त्याच्याही आधी, लग्न चर्चमध्ये झाल्याचा दाखला. माझं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. माझे यजमान नळदुरुस्ती करत. त्यांची पहिली बायको त्यांना सोडून निघून गेली होती, पण चर्चच्या लेखी तीच त्यांची बायको, त्यामुळे आमचं लग्न हे लग्नच नव्हतं.

मी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तो परत आला. मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. फार लागलं. आणि गंमत बघा, शिकाऊ मंडळींना शेवटच्या वर्षी मयताला कपडे घालायला शिकावं लागतं, ते शिकायला त्यांना धाडायचे माझ्याकडे. शिकवायचं मी, आणि त्यांच्या पुस्तिकेत ‘शिक्षण पूर्ण’ म्हणून सही करायची वहीताईने, कारण माझी सही चालत नसे.

वहीताई म्हणजे मंडळाची अध्यक्ष. सभासदांची वही तिच्या कपाटात असते, म्हणून हे नाव मीच पाडलं. आम्ही पहिलीपासून एका बाकावरच्या.

यजमान वारले, त्यानंतर महिन्याभरात ती आणि तरुण फादर कोरा अर्ज घेऊन आले. फादर म्हणाले, “मावशी, आता तुमची अडचण दूर झाली.”

अडचण! एकतीस वर्षं ज्याच्या समोर बसून जेवले तो माणूस अडचण! फादर मनाने वाईट नाहीत, कुठे काय बोलू नये एवढंच त्यांना कळत नाही. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती: ‘पूर्वीच्या अनियमित सहजीवनाबद्दल मी खेद व्यक्त करते.’

मी विचारलं, “नेमका कोणत्या दिवसाचा खेद करू, फादर? चर्चच्या तळघरात पाइप फुटला तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे होते, त्या दिवसाचा? की मला टायफॉइड झाला आणि ते माझी वेणी घालायला शिकले, त्या दिवसाचा?”

वहीताई म्हणाली, “अगं, एकच तर ओळ आहे. सही कर आणि मोकळी हो.”

“ती ओळ खोडून आण, आत्ता करते.”

“छापील आहे गं ती. मी कशी खोडू?”

अर्ज तसाच परत गेला. पण वहीताई हट्टाला पेटली की ऐकत नाही. नियमावलीत एक पोटकलम आहे: मरणासन्न माणसाला वर्षं, दाखला, खेद, काहीही न मागता प्रवेश देता येतो. अध्यक्षाने कपाळावर हात ठेवून नाव घ्यायचं आणि वहीत लिहायचं, की झालं. गेल्या वर्षी रुग्णालयात मला भूल दिली होती, तेव्हा ही बाई पिशवीत वही घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. माझ्या भाचीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून स्पष्ट लिहिते. मी शुद्धीवर नसताना मला सभासद करू नये. मला झगा घालू नये, मी शिवलेला असला तरीही. दार मिनिटभरात उघडता येतं, तर ते इतकी वर्षं लावून का ठेवलं, याचं उत्तर आधी द्यावं. मला नको, ज्यांचे अर्ज अजून पडून आहेत त्यांना द्यावं. मी कॅथलिक आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत माझं नाव आहे आणि ती एक वही मला पुरते.

नोंदणी कार्यालयात घातलेले निळे कपडे कपाटात वरच्या फळीवर आहेत. कमरेत सैल करून ठेवलेत. तेच घालावेत आणि नगरपालिकेच्या दफनभूमीत यजमानांशेजारी पुरावं. फादर आले तर आनंदच आहे. नाही आले तर प्रार्थना भाचीने म्हणावी, तिचा आवाज त्यांच्यापेक्षा बरा आहे.

कलम २. माझ्या मालकीच्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला. मंडळाने पुढची खोली कार्यालयासाठी मागितली होती, ती देत नाही. तिथे दर गुरुवारी आम्ही प्रार्थनेला बसतो आणि मग आजाऱ्यांकडे जातो. त्यात मंडळाचे लोक असतात आणि माझ्यासारखेही. कुणाचा दाखला हरवलेला, कुणाचा नवरा दुसऱ्या धर्माचा. एक ट्रकचालक आहे, त्याला तीन वर्षं दर आठवड्याला वर्गाला बसणं जमत नाही म्हणून तो अपात्र. भाचीने ही गुरुवारची बैठक चालू ठेवावी. अट एकच, दारात कुणाला कागद विचारायचा नाही. ज्या दिवशी कुणी विचारेल त्या दिवशी कुलूप लावावं आणि खोली खुशाल भाड्याने द्यावी.

कलम ३. शिवणाचं मशीन, मोठी कात्री आणि झग्याचे कागदी नमुने त्या ट्रकचालकाला. तो ताडपत्र्या शिवतो, हात चांगला आहे, कच्चा टाका मी त्याला शिकवला आहे. यापुढे मंडळाला झगे हवे असतील तर त्याच्याकडे जावं लागेल. त्याला सभासद करून घ्यायचं की नाही, ते मापं देताना ठरवावं.

कलम ४. माझ्या भावाला आमच्या लग्नाचा फोटो. तो लग्नाला आला नव्हता, त्यामुळे त्याने हा पाहिलेला नाही. काच पुसून देत आहे.

कलम ५. वहीताईला काहीही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही ठेवलं तर ते त्याला मिळत नाही, असं वकिलांनी सांगितलं. मी तिला विचारलं, “माझी चांदीची जपमाळ हवी, की साक्ष देतेस?” ती बराच वेळ माझ्यावर चिडली. सगळं मृत्युपत्र दोनदा वाचून पुन्हा चिडली. मग म्हणाली, “आण पेन.” जपमाळ माझ्या हातातच राहू द्यावी.

याची अंमलबजावणी भाचीने करावी. वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा उतरला आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत खाली सही करत आहे.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) डॉक्टर.

साक्षीदार २: (सही) मंडळाची अध्यक्ष. हिच्या परवानगीने माझ्या हाताने लिहिते. हिच्या मरणासन्न प्रवेशाचा कागद मी गेल्या वर्षीच भरून ठेवला होता, फक्त तारीख मोकळी होती. तो आज हिच्यासमोर फाडला. चर्चच्या आवारात मंडळाच्या सभासदांच्या थडग्यांची वेगळी रांग आहे. तिथे माझ्या शेजारची जागा मी हिच्यासाठी धरून ठेवली होती. तीही आज सोडते.