दोन शिफ्ट

३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शुश्रूषागृहात बाबांना खोली मिळाली, एक एप्रिलपासून. अर्ज सोबत आहे. ‘सदर व्यक्ती स्वतःचे हित समजण्यास असमर्थ आहे’ या ओळीखाली तुझी सही तेवढी उरली. चरफडू नकोस, छापील वाक्य आहे.

अर्धांगवायूने वाचा जाऊन पाच महिने झाले. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. मान हलवतात, होकार की नकार, कळत नाही. हल्ली आम्ही त्यांच्यासमोरच सगळं बोलतो. त्यांना उचलून उचलून हिची पाठ गेली. परवा वैतागून म्हणाली, की बोलणारं माणूस असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तू लिनक्स घालून दिलेल्या कॉम्प्युटरसमोर रोज बसवतो. डाव्या हाताच्या एका बोटाने काहीबाही बडवतात, तेही इंग्रजी अक्षरांत. चाळीस वर्षं कोर्टात मराठी टायपिंग केलेला माणूस! एक पान छापून पाठवतोय. बघ, म्हणजे खात्री पटेल.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.
तुझा,
धाकटा

८ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सही केलेली नाही. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते.

पानावर सात ओळी आहेत, सातही सारख्या: cne Wkt /slx. बरळणारा माणूस तंतोतंत तेच सात वेळा बरळत नाही. मी माझा कीबोर्ड मराठीवर ठेवून त्याच कळा दाबल्या. उमटलं: मला ऐकू येतं.

बोट मराठी लिहीत होतं, कॉम्प्युटर इंग्रजीवर होता. चूक माझी. चुकून हात लागला की भाषा बदलते, अशी त्यांची कटकट असायची. म्हणून भाषा बदलायला दोन्ही शिफ्ट एकदम दाबायच्या, असं मी ठेवलं. तेव्हा त्यांचे दोन्ही हात चालत होते. दोन टोकांच्या दोन कळा एका हाताला कशा पोचणार?

सेटिंगमध्ये कीबोर्ड उघड. भाषांच्या यादीत मराठी सर्वांत वर ओढ, म्हणजे सुरुवातच मराठीत होईल. भाषा बदलायला एकटी कॅप्स लॉक ठेव. ती डावीकडे आहे. जमलं नाही तर आधी मला शिव्या घाल, मग फोन कर.

त्यांच्यासमोर काय काय बोललात, ते लिहू नकोस. फोनचा स्पीकर चालू असताना मीही म्हणाले होते, की आता ते बाबा राहिलेत कुठे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

१५ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसऱ्या खेपेला जमलं. बाबांनी कॅप्स लॉक दाबून पाहिली, परत दाबली. मग पहिली ओळ लिहिली: सूनबाई, भांडायचं असेल तर बस. ही हसली, आत गेली आणि तासभर बाहेर आली नाही.

अर्ज मी फाडला. त्यांनी तो माझ्याकडून चिकटवून घेतला. सोबतचं पत्र तीन दिवस लिहीत होते. मी जवळ गेलो की पडद्यावर हात ठेवतात. छापतानाही मला पाठ करून उभं केलं.

आठवण ठेव.
धाकटा

१५ मार्च
चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

एका बोटाने लिहितो, म्हणून थोडक्यात.

खोली मी घेणार आहे. धाकट्याला वाटतं, ऐकू येतं म्हणजे आता घरीच ठेवायचं. ऐकू येतं म्हणूनच जातो. पाच महिन्यांत माझ्यासमोर कुणी खोटं बोललं नाही. सूनबाईची पाठ खरी. तू फोनवर म्हणालीस, तेही बरंचसं खरं.

पण ‘असमर्थ’खाली सही करू नकोस. ही ओळ मी कोर्टात किती वेळा टाइप केली, आठवत नाही. ज्यांच्याबद्दल होती, ती माणसं समोर बसलेली असत. मी वर पाहिलं नाही. नजर कागदावर हवी, असं शिकलो होतो.

नवा अर्ज टाइप केला आहे. अर्जदार मीच. साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलं आहे. सही अजून केलेली नाही. साक्षीदाराने ती होताना पाहावी लागते. तेव्हा तुला यावं लागेल.

लोभ आहे तेवढा राहू दे.
बाबा