सीलबंद

३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाबांची आठवण म्हणून तो जुना व्हिडिओ गेम मागतेस, पण तो मिळणार नाही. तुझ्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा बाबांनी तुझ्यासाठीच आणला, कबूल. पण मी उचलून ठेवला म्हणून आज सीलबंद आहे! तू दोन दिवसांत कॅसेटची वाट लावली असतीस. आता औषधांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात आहे. लोक बघायला येतात, भाव चढतोच आहे. तू गेम कंपनीत काम करतेस, तुला वेगळं सांगायला नको.

वहिनी तुझी आठवण काढते.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बरं, ठेव तुझ्याकडेच. एक बातमी मात्र कानावर घालते. आमची कंपनी जुने गेम पुन्हा काढते आहे. कॅसेट नाही, डबा नाही, सरळ टीव्हीवर उतरवून घ्यायचे, कॉफीच्या किमतीत. कोणते काढायचे ते मी ठरवते. पहिला आपलाच निवडला. उघड्या कॅसेटचे भाव आत्ताच गडगडलेत, खोटं वाटत असेल तर बघ.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस.

तुझी,
भिंगरी

९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

घरचाच भेदी म्हणतात तो असा! भाव बघून दोन रात्री डोळा लागला नाही. पण तुझा दादा कच्च्या गुरूचा चेला नाही. परवा एक जाड चष्मेवाला दुकानात आला, त्याच्या गळ्यात मारून मोकळा झालो. थोडं पडतं घेतलं, पण बकऱ्याला तुमच्या कंपनीची बातमी नव्हती. आता बसेल कपाळ बडवत.

तुझा,
दादा

२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जाड चष्मेवाला आमच्या ऑफिसातला चित्रकार. पैसे माझे होते.

उघड्या कॅसेटचे भाव पडले, कारण नुसतं खेळायचं असेल तर आता कॅसेट लागत नाही. सीलबंद डब्याचं तसं नसतं. टीव्हीवर खेळून नव्याने वेडी झालेली माणसं न फोडलेल्या डब्यामागे लागतात. गेम बाहेर पडला आणि सीलबंद डब्याचा भाव दुप्पट झाला. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

बाबा प्लास्टरवर हात ठेवून विचारायचे, आवडला का गं गेम, शेवटी काय होतं? गेम तू उचलून ठेवलास हे कळून त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी थापा मारायचे. ते जाईपर्यंत मारत राहिले. तू पलीकडच्या खोलीतून ऐकायचास आणि हसायचास. ते हसणं मी विसरलेले नाही.

काल डबा फोडला. जुना कन्सोल जपून ठेवलाच होता. गेम तसा टुकार आहे, पण शेवटपर्यंत खेळले. शेवटी काय होतं ते आता मला माहीत आहे, विचारणारे बाबा नाहीत.

सोबत सीलचा फाटका कागद पाठवते आहे. काचेच्या कपाटात ठेव, लोक बघायला येतील. लोभ वाढावा असं या वेळी लिहीत नाही.

भिंगरी