मालकाचे नाव

॥ श्री ॥

देवळाली प्रवरा
गुरुवार, ११ जानेवारी १९७३

ती. दादा यांसी,
मनकर्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आमचा ससा, मामलेदार, सोमवारी गेला. एवढेच लिहून मोकळी होणार होते, पण तुम्हाला अर्धे लिहवत नाही. मी त्याला पिशवीत घालून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेले आणि सुई देऊन संपवायला सांगितले.

महिनाभर त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. हनुवटीखाली गाठ होती, ती लिंबाएवढी झाली. डॉक्टरांनी तोंड उघडून मला आत पाहायला लावले. मागचे दात वाढून जिभेत रुतले होते आणि मुळाशी पू होता. ते म्हणाले, कापता येईल, पण पुन्हा भरेल. मग म्हणाले, बाई, तुम्ही सांगा. मी सांगितले.

ससा आमच्या यांचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्याच्या कॉलनीतले साहेब बदलून गेले तेव्हा यांनी तो त्यांच्याकडून खोक्यात घालून घरी आणला. मिशा पुढे करून तो पोत्यावर बसायचा, कोणी अर्ज घेऊन आल्यासारखा पाहायचा, म्हणून नावही यांनीच ठेवले. हे दसऱ्यापासून भंडारदऱ्याकडे दुष्काळी कामावर मेस्त्री आहेत. पत्र जायला सहा दिवस, उत्तर यायला सहा. ससा बारा दिवस काढील असे मला वाटले नाही. म्हणून विचारले नाही. अजून कळवलेही नाही.

दवाखान्यात एक छापील चिठ्ठी होती. मालकाच्या संमतीने जनावर संपवले, खाली मालकाचे नाव. डॉक्टर म्हणाले, नाव सांगा. दादा, लग्नाला पंचवीस वर्षे झाली, ते नाव मी घेतलेले नाही. पाकिटावरचा पत्तासुद्धा पोस्टमास्तरांकडून लिहून घेते. मागे दोन शेळ्या आणि त्यांचे धनी खोळंबले होते. तोंडातून नाव निघेना, म्हणून मी पेन मागितला आणि लिहिले. पहिल्यांदा लिहिले ते या कागदावर. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, असे आई म्हणायची. मी ते मरणाच्या चिठ्ठीवर लिहून आले.

आणखी एक. त्या सकाळी मी लसूणघासाचे पान पुढे केले, ते त्याने माझ्या हातून घेतले. हावरटासारखे घेतले. म्हणजे भूक होती. तरी मी पिशवी उचलली आणि एस.टी. धरली.

शेजारच्या गोजरबाईने परसात खड्डा करायला मदत केली. जमीन अशी की पहार वाजते. ती म्हणाली, लोक बैलं सोडून यायला लागल्यात आन् तू सशाला रडती व्हय. मी रडत नव्हते. उलट त्या रात्री मी महिन्यानंतर पहिल्यांदा झोपले, आणि सकाळी जाग आल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही की आज लाळ पुसायची नाही. याचेच जास्त वाटते.

तुम्ही तीस वर्षे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. मी घाई केली का, ते लिहा. भाकरी दुधात कालवून देत होते, हे सांगून गेले होते तशी. त्यात काही चुकले का, तेही लिहा. माझी समजूत घालू नका.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो या पत्रानंतरही ठेवावा.

आपली,
सौ. मनकर्णा


सोनई
मंगळवार, १६ जानेवारी १९७३

चि. सौ. मनकर्णास,
रंभाजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. सोबत तिळगूळ पाठवायचा तुझ्या वहिनीचा विचार होता, पण यंदाचे तीळ पाहून तिने बेत सोडला. गोड बोल, एवढे म्हणायला सांगितले आहे.

समजूत घालू नका म्हणतेस, म्हणून आधी वाईट ते लिहितो. सशाचे दात जन्मभर वाढतात. कडबा, काड्या असे काही तो दिवसभर चावत राहिला तरच ते झिजतात. कालवलेल्या भाकरीने झिजत नाहीत. तेव्हा भाकरीने दुखणे वाढले असेल. दुधाचे तर नावच काढू नकोस. तुझ्या हातून प्रेमाने चूक झाली. ती चूकच.

आता पानाचे. त्याने पान घेतले म्हणून तू घाई केलीस असे होत नाही. अशा जनावराची भूक शेवटपर्यंत राहते. तोंडात घेते आणि गिळता येत नाही. ते पान त्याने गिळले का, तू पाहिले नसशील. मीही पाहिलेले नाही. आणखी आठ दिवस जगला असता का? कदाचित. ते आठ दिवस कसे गेले असते, ते मात्र मला माहीत आहे.

आमच्या दवाखान्यात सुई मागणारे कुत्रे नाहीतर टांग्याचे घोडे घेऊन यायचे. बैलाला कोणी ती देऊ देत नाही. पाप लागते म्हणतात. आपल्या चांद्या बैलाचा पाय मोडला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, तुला मामाकडे पाठवले. तुला सांगितले की तो लगेच गेला. तो लिंबाखाली अकरा दिवस पडून होता. वडील त्या बाजूने जायचे नाहीत, मळ्यात दुसऱ्या वाटेने जायचे. पाणी मी पाजत होतो. माश्या मी हाकत होतो. आपल्या घरात अजून सांगतात की वडिलांनी बैलाला शेवटपर्यंत दावणीला ठेवले, केवढे पुण्य. मी तिथे होतो. मला ते पुण्य दिसले नाही. नंतर मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी धरली, ती त्या अकरा दिवसांमुळे. हे मी कोणाला सांगितले नव्हते.

रात्री झोप लागली याची लाज धरू नकोस. महिनाभर रोग्याची सेवा केलेले माणूस झोपते.

नावाचे मात्र हसू आले. भजनात सगळे राधाकृष्ण म्हणायचे तेव्हा तू ओठ मिटून टाळ वाजवायचीस, ते आठवले. नाव लिहून आयुष्य कमी होत असेल, तर हजेरीपटावर रोज नावे लिहिणाऱ्या कारकुनाने एव्हाना सगळे मजूर मारले असते. राधाकृष्णरावांना काही होत नाही. पण त्यांना कळव. माझ्याकडून नव्हे, पोस्टमास्तरांकडूनही नव्हे. ससा त्यांचा होता आणि निर्णय तुझा. मधे तिसरा नको.

राग आला तरी पत्र पाठवीत जा.

तुझा,
रंभाजी


देवळाली प्रवरा
शनिवार, २० जानेवारी १९७३

तीर्थस्वरूप स्वामींचे चरणी,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. मामलेदार नाही. सोमवारी, आठ तारखेला, मी त्याला सुई देववली. त्याच्या जबड्यात पू झाला होता आणि जिभेला जखमा होत्या. तुम्हाला विचारायला वेळ होता की नव्हता, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. विचारले नाही, एवढे खरे.

चिठ्ठीवर मालक म्हणून तुमचे नाव मी लिहिले. या पाकिटावरही मीच लिहिले आहे. पोस्टमास्तर एकदा माझ्याकडे, एकदा पाकिटाकडे पाहतील आणि शिक्का मारतील.

दादा लिहितात की दूधभाकरीने दुखणे वाढले असावे. तुम्ही सांगून गेला होतात, तरी ती खाऊ घालणारा हात माझा. कडबा पुढे टाकायचे मला सुचले नाही. त्याला तुमच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून लिंबोणीच्या आळ्याशी पुरले. वर दगड ठेवला आहे.

तुम्ही रागवाल असे वाटते. रागवा, पण पत्रातून रागवा. गप्प राहू नका. गप्प राहिलात तर मला काही कळत नाही.

चरणांपाशी लोभ मागते.

सौ. मनकर्णा


शेंडी, ता. अकोले
रविवार, २८ जानेवारी १९७३

सौ. मनकर्णा हिस,
आशीर्वाद.

पाकिटावर तुझे अक्षर पाहून घाबरलो. गावात पत्ता लिहायला कोणी उरले नाही की काय असे वाटले. मुकादमाने पत्र हातात दिले तेव्हा आठशे माणसे खडी फोडत होती. मी दुपारच्या सुट्टीपर्यंत उघडले नाही.

मला पत्र लिहिता येत नाही, हे तू जाणतेस. सरळ लिहितो.

ती गाठ मला दसऱ्याआधी हाताला लागली होती. तेव्हा हरभऱ्याएवढी होती. कडब्याचे कांडे तो तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. म्हणून मी भाकरी कालवायला लागलो. तुला तो लाड वाटला. मी वाटू दिला. दात आधीच बिघडले होते, भाकरी नंतर आली. तुझ्या दादांना हे कळव. तुझ्या हातावर ते घेऊ नकोस.

दवाखान्यात न्यायला हवे होते. नेले तर डॉक्टर काय म्हणतील ते मला ठाऊक होते. तेव्हाच इकडच्या कामावर कोण जाणार असे साहेबांनी विचारले आणि मी हात वर केला. सशासाठीच आलो असे नाही. काम होते, खात्याला माणूस हवा होता. पण हात वर करताना ससा मनात होता. हे मी तुला कधी सांगितले नसते. तुझे पत्र आले म्हणून सांगतो.

तू विचारले नाहीस हे बरे केलेस. विचारले असतेस तर मी थांब म्हणालो असतो. पत्र वाचून पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटले. राग शोधला, तो सापडला नाही.

इकडचे ठाकर रानातली सशाची पिल्ले धरून आणतात. येताना एक आणू का? शिवरात्रीला चार दिवस रजा मिळेल. इकडे थंडी फार आहे. घोंगडी पुरते. खोकला आता पुष्कळ कमी आहे.

तुझा लोभ राहील असे वागलो नाही. तरी राहावा.

राधाकृष्ण


देवळाली प्रवरा
रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप स्वामींचे चरणी,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र काल आले. वाचून झाल्यावर मी चूल पेटवली नाही. धूर दिसेना म्हणून गोजरबाई भाकरी घेऊन आली आणि विचारू लागली की तब्येत बिघडली का. मी सांगितले, राग आलाय. कोणाचा, ते तिने विचारले नाही. बसली, माझ्याबरोबर जेवली, आणि जाताना म्हणाली की बापय मानूस लांब असला की रागवायला लई सोपं पडतं.

महिनाभर मी त्याची हनुवटी पुसत होते आणि हे कशाने झाले ते मला कळत नव्हते. तुम्हाला कळत होते. एक ओळ लिहिली असती तर तो डिसेंबर त्याला काढावा लागला नसता. हे मी एकदाच लिहिते. तुम्ही आल्यावर पुन्हा बोलणार नाही.

भाकरीचे वाचून मात्र बरे वाटले. इतके बरे वाटले की संध्याकाळी मी परसात जाऊन उगाच बसले, आणि तिथे मला थोडे रडू आले. ते बरे रडू होते. दादांना आजच कळवले आहे. कंपाउंडर चुकला म्हणून त्यांना टोमणाही मारला आहे. त्या सकाळी त्याने घेतलेले पान अजून डोळ्यांपुढे येते. त्याचे उत्तर कोणाकडेच नाही. ते तसे राहू दे. त्याने माझी झोप जात नाही.

पिल्लू आणू नका. रानातले आहे, रानात राहू द्या.

आता दुसरे. खोकला पुष्कळ कमी आहे असे तुम्ही लिहिता. खोकला आहे, हे आधीच्या चारही पत्रांत नाही. मी ती काढून पुन्हा वाचली. कधीपासून आहे, खडीच्या धुळीने आहे की थंडीने, रक्त पडते का, कोणाला दाखवला का, ते सगळे उलट टपाली लिहा. एकवीस तारखेच्या बुधवारपर्यंत उत्तर आले नाही तर मी अकोल्याची एस.टी. धरीन. दवाखान्यात न्यायला मला आता कोणाला विचारावे लागत नाही.

लोभ आहे, तो असा आहे.

सौ. मनकर्णा