ओलीस राहिलेला तांडेल

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार, सकाळ

प्रिय ऋतुराज,

तुझी तब्येत कशी आहे? पायाच्या बोटांमधल्या चिखल्या सुकल्या का? खोबरेल संपलं असेल तर खायच्या तेलाचं बोट लाव, पण पाय कोरडे ठेव. काकिनाड्याच्या आचारीबाबांचा खोकला कसा आहे? त्यांना माझ्याकडून ‘बागुन्नारा’, म्हणजे बरे आहात का, असं विचार. पेठेतल्या विणकर शेजाऱ्यांकडून एवढं तेलुगू मी उचललंय. तो इंजिनाला तेल घालणारा गाझीपूरचा ऑइलमन अजून दिवसभर शिडी चढतो-उतरतो का, की आता जरा झोपतो? आणि ते एका डोळ्याचं मांजर? तेही तुमच्याबरोबर अडकलंय बिचारं, त्याला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

इकडं तुझ्या आजीचे गुडघे आहेत तसेच. आईची साखर वाढली होती, आता ताब्यात आहे. तुझा बाप कुमार कमी बोलतो. तुझ्या बहिणीची, सृष्टीची, परीक्षा झाली. मी धडधाकट आहे, पण घराबाहेर जाववत नाही. कोपऱ्यावर गेलो की कुणीतरी विचारतंच, “आण्णा, नातवाचं जहाज सुटलं का?” मग मी चपला फिरवून परत येतो. रविवारी तुझा पाच मिनिटांचा फोन येतो, त्या पाच मिनिटांसाठी आमचं घर सहा दिवस खुंटीला टांगल्यागत असतं. बजाबाई, म्हणजे तुझी आजी, दर शनिवारी कडक भाकऱ्या करते, जणू सोमवारी पार्सल जाणारच आहे. डब्यात आता बोट घालायला जागा नाही. कुणी खायला हात लावला की म्हणते, “त्या जहाजावरच्या हायत, ठेव खाली!”

लहानपणी सांगोल्याला आम्ही तळावर मेंढरं वाघरीत कोंडायचो. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, एका माणसानं खांद्यावर न्यावं एवढं हलकं. मेंढरांनी मनात आणलं तर ती तासाभरात फाडून बाहेर येतील. पण येत नाहीत. अकरा महिने झाले, तू त्या परक्या बंदराबाहेर नांगरावर आहेस. मालकानं फोन उचलायचं सोडलं, जहाजातलं तेल संपलं, पाणी दुसऱ्याच्या बोटीनं येतंय. श्रावणात आठ जणांना घरी सोडलं ते तिघं जहाज राखायला राहतील या अटीवर, आणि तू हात वर केलास. ज्याच्याऐवजी केलास त्याला मुलगी झाली. त्याच्या बायकोचा आम्हाला फोन आला होता, फार रडली ती.

पण आता ती अटही राहिली नाही ना रे? बंदरवाल्यांनी त्यांचा पहारेकरी ठेवायचं कबूल केलंय. तिघांनी कागदावर सह्या करायच्या आणि विमानात बसायचं. दोघांच्या सह्या झाल्या. अठरा तारखेपर्यंत तुझी झाली नाही तर तिघांचाही कागद रद्द, असं खलाशांच्या संघटनेच्या माणसानं सृष्टीला सांगितलंय. आणि तू आईला म्हणालास, “शब्द दिलाय. मालक येईल. आबांना विचार, शब्द राखणारा माणूस शेवटी सुटतोच.” फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बजाबाईनं तेवढ्यात ऐकवलं, “ह्यांनी उजनीच्या पाण्यात पाय घातला न्हाय कदी, आन् पोराला समुद्र शिकिवला!”

खरंय तिचं. मी शाळा चौथीपर्यंत शिकलेला, किराणा दुकानात पुड्या बांधणारा माणूस. जे वाचलं ते दुकानाच्या रद्दीतून. पण चाच्यांचं ते जुनं पुस्तक हाती लागलं आणि मी कोकणच्या किनाऱ्यावर राहायलाच गेलो. तुला आठवतं, तू दुसरीत होतास, गोणपाटावर बसून विचारायचास, “आबा, चाचे म्हणजे चोर का?” मी सांगायचो, बाबा, ते कोण लिहितंय त्यावर आहे. पोर्तुगीज यायच्या आधी आपली गलबतं कुणालाही न विचारता जायची-यायची. मग पोर्तुगीजांनी परवाने काढले. ज्याच्याकडं नाही त्याचं जहाज धरायचे. पुढं आंगऱ्यांनी आपली दस्तकं, म्हणजे तसेच परवाने, चालू केली आणि इंग्रजांकडंही मागितली, तर इंग्रजांनी कागदावर लिहिलं ‘चाचे’. लुटारू दोन्हीकडं होते, उगाच आपले तेवढे सोवळे म्हणणार नाही. पण समुद्र कुणाच्या बापाचा, हा सवाल खरा होता. तू डोळे विस्फारून ऐकायचास, आणि शेवटी तुझं ठरलेलं, “आता तांडेलाची सांगा.”

ती गोष्ट पुस्तक लिहिणाऱ्यानंही ऐकीव म्हणूनच दिली होती. तीन गलबतं खाडीत शिरली आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजानं तोंड अडवलं. आठ दिवसांत पिण्याचं पाणी संपलं. इंग्रज म्हणाला, एक माणूस ओलीस ठेवा, बाकीचे जा आणि आमचा लुटलेला माल महिन्यात आणून द्या. तेव्हा हिरोजी तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, पुढं झाला. जहाजाच्या पोटात, अंधारात, पायात बेडी घालून त्याला बसवलं. महिना गेला, दुसरा गेला. पहारेकरी हसायचे, तुझे लोक तुला विसरले. तो म्हणायचा, येतील. आणि एके दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी तीन शिडं दिसली. इथं मी तागडी वाजवायचो आणि तू टाळ्या पिटायचास. दहावीनंतर तू जहाजावर जायचं म्हणालास तेव्हा घरातले सगळे नको म्हणत होते. मीच कुमारला म्हणालो, जाऊ दे, आपल्या सात पिढ्या कोरड्यात गेल्या.

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझी आई फोन धरून असते आणि मला तिच्यासमोर जीभ उचलत नाही. म्हणून कागद घेतला. सृष्टी याचा फोटो पाठवणार आहे. संघटनेचा माणूस शुक्रवारी पाण्याच्या बोटीतून येईल, तो छापलेलं पत्र तुझ्या हातात देईल. तर आता नीट वाच. ते पुस्तक माझ्याकडं आलं तेव्हा पुरं नव्हतं. शेवटची पानं आधीच फाडून जिऱ्या-मिऱ्याच्या पुड्यांत गेली होती, त्यातल्या काही मीच बांधल्या असतील. ‘तांडेल वाट पाहत राहिला’ या ओळीवर माझं पान संपत होतं. पुढचं मला ठाऊक नाही. गेल्या पाच महिन्यांत शहरातली दोन वाचनालयं धुंडाळली, पुस्तक मिळालं नाही. ती तीन शिडं मी आणली रे, दुकानात तागडीमागं बसून, कारण तू रडवेला झाला होतास आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तांडेलाला न्यायला कुणी आलं की नाही, देव जाणे. तू माझ्या थापेवर तिथं बसून राहू नकोस. ज्यांच्यासाठी राहिलास ते घरी पोचलेत, तुझा शब्द पुरा झालाय. मालकाला तू काही देणं लागत नाहीस. मला काय म्हणायचं ते घरी येऊन म्हण, मी ऐकून घेईन. शुक्रवारी त्या माणसाकडं पेन असेल, आधी कागदावर सही कर आणि मग मला दोन ओळी लिही. लवकर लिही, बाळा, अठरा तारीख जवळ आलीय.

तुझाच,
आबा
(जोतीराम)