बेकरीवाल्यांची चावलेली चप्पल

प्रिय छकुले,

तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? जावईबापूंचा खोकला थांबला, की अजून औषधाची बाटली नुसती बघूनच बरे होताहेत? चिमणीला पुढचे दात आले का? तू वेळेवर जेवतेस ना? तुझी आई ठणठणीत आहे. मीही बरा आहे, चष्मा तेवढा कपाळावर ठेवून घरभर शोधतो.

खिळीही मजेत आहे. हे कुत्र्याचं पिल्लू आमच्या पदरात टाकून, लस टोचून घ्या म्हणत तू माझं डोकं खाल्लंस. मी म्हणायचो, आपल्या चपलांच्या दुकानाचा उंबरा न ओलांडणाऱ्या जिवाला रोग येणार कुठून? शेवटी तूच रजा काढून आलीस, तिला काखोटीला मारून पहिली सुई टोचून आणलीस आणि पुढच्या डोसांना आईला जुंपलंस.

मागच्या महिन्यात बेकरीवाल्यांनी एक चप्पल दुरुस्तीला टाकली. त्यांच्या पिल्लानं पट्ट्याचा पार चोथा केला होता. हसून म्हणाले, घरात एक कारागीर ठेवलाय, तुमचा धंदा चालवणार बघा. ती चप्पल खिळीनं पळवली, चघळली, उशाला घेऊन झोपली. आठवड्यानं बेकरीवाले आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. पार्व्हो नावाच्या कुत्र्यांच्या रोगानं पिल्लू गेलं होतं. उलट्या, रक्ताचे जुलाब, सगळं दोन दिवसांत आटोपलं. लस टोचायचं राहूनच गेलं, म्हणाले.

दुकान उघडं टाकून खिळीला उचललं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, हा रोग चपलांवरूनही येतो. अगं, अख्ख्या गावाच्या चपला माझ्याकडे येतात आणि मी उंबऱ्याच्या गोष्टी करत होतो. सगळे डोस झालेत का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मागे वळून बघितलं. मागून धापा टाकत आलेली तुझी आई म्हणाली, एकूण एक झालेत. मग घाबरू नका, नुसतं लक्ष ठेवा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी खिळीच्या तोंडाकडे बघत बसायचो. आई म्हणायची, माझ्याकडे इतकं कधी बघितलं नाहीत. खिळीला साधी शिंकही आली नाही.

आज बेकरीवाले चप्पल न्यायला आले. नवा पट्टा लावला होता, त्यांच्या पिल्लानं चावलेली कड तासायची राहिली होती. त्यांनी दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, एवढं राहू द्या. ते गेले आणि मी कागद घेऊन बसलो. फोनवर हे बोलता आलं नसतं. खिळी इथे पायाशी तुझी जुनी सँडल चावतेय. मी ओढून घेत नाही. तुझ्या हट्टानं ही वाचली, पोरी. वर्षाची सुई जवळ आलीय, या खेपेला मीच नेणार. तिला धरायचं कसं, तेवढं लवकर लिहून कळव.

तुझेच,
बाबा