कासिल्दाची पेन्सिल

४ नोव्हेंबर
पुस्तक मिळालं. नऊशे चाळीस पानं! सोरिया शहराहून प्रती आल्या चौदा, आम्ही वाचणारे पंधरा. वाचनालयातली बेगोन्या म्हणते, "तुम्ही दोघी बहिणी एकच घ्या ना." अख्ख्या गावाला ठाऊक आहे — थोरली कासिल्दा आणि मी अकरा वर्षं बोलत नाही. आईची तांब्याची कढई तिने भंगारात दिली, मला न विचारता! असो. तीन दिवस ती, तीन दिवस मी. मध्ये तेओफिलाच्या बेकरीत ठेवायचं.

७ नोव्हेंबर
आमच्या थोरल्या बाईसाहेबांनी पानाच्या कडेला पेन्सिलने लिहिलंय — "ही बायको मूर्ख आहे." नवरा रुसून जहाजावर गेला तरी ही दाराला कडी घालत नाही, म्हणून. वाचनालयाच्या पुस्तकात! मी खाली लिहिलं — "मूर्ख तू."

१६ नोव्हेंबर
वाचणाऱ्यांची बैठक. खाटीक सातुरिओ म्हणतो, "साठ पानं नुसता पाऊस! मी तिथेच बुडालो." औषधांच्या दुकानाचे एवेलिओ म्हणतात, स्पेनमध्ये असं पुस्तक पुन्हा होणे नाही. मी बोट ठेवून वाचते, अर्धं डोक्यावरून जातं. पण ती बायको पावसात दाराशी उभी राहते, तेव्हा माझे पाय गार पडतात. लिहिणारा पक्का!
कासिल्दा पुस्तक नाकाला चिकटवून बसलेली.

२ डिसेंबर
"पाऊस फार लांबला." — ती.
"तुझ्या जिभेहून कमीच." — मी.
"सासू थेट आपली आत्या!" — ती.
हसले. एकटीच. खरंच आत्या!

२० डिसेंबर
पान ५८०च्या पुढे पेन्सिल नाही. शेवटची अक्षरं बैलाएवढी, ओळ सोडून पळालेली. कंटाळली असणार. अर्ध्यावर टाकायची सवयच आहे तिला.

९ जानेवारी
संपलं! नवरा म्हातारा होऊन परत येतो. तो बाहेर, ती आत. आधी कोण बोलणार? चार पानं ताणलंय मेल्याने. मसूर करपले, मी उठले नाही. काय पुस्तक आहे!
कडेला मात्र कोरं. इथे तरी भांडायला हवी होती.

१२ जानेवारी
बेकरीत पुस्तक द्यायला गेले. तेओफिला म्हणाली, "तिला कशाला आता? नाताळाआधीपासून दिसत नाही तिला. तीन दिवस उशाशी ठेवते नि परत देते. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

१३ जानेवारी
तिच्या दाराला कडी नव्हती.
"ताई," म्हटलं, "पान ५८१."
"मोठ्याने वाच," म्हणाली. "आणि पाऊस आला तर गाळू नकोस."