माझाच आकडा कमी कसा

३ मार्च, सोमवार

रक्ताचे रिपोर्ट आले. ह्यांचा आकडा लाल चौकटीत, माझा साधा, काळ्या शाईत. तीनदा नावं पडताळून पाहिली.

हे सव्वीस वर्षं ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात होते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलात म्हणे असं काहीतरी होतं की एकदा अंगात शिरलं की चरबीत ठाण मांडून बसतं, वर्षानुवर्षं हलत नाही. कारखाना बंद पडून जमाना झाला. आता त्या तेलाच्या परिणामांचे हे अभ्यासवाले कामगारांचं आणि त्यांच्या घरच्यांचं रक्त तपासत फिरताहेत.

हे म्हणाले, "चला, दोघांपैकी एक तरी सुटलं."

बरं वाटलं. आणि लगेच कसंतरीच झालं. कपडे तर मीच धुवायचे!

४ मार्च

डोक्यातून जात नाही. तेलानं कडक झालेले ते निळे कपडे – आधी बादलीत भिजवायचे, मग ब्रशनं घासायचे. कोपरापर्यंत हात तेलकट. थोरली झाली तेव्हा घरात बादली एकच होती, तिचे लंगोटही त्यातच. शिवाय हे गुडघेदुखी-पाठदुखीवर तेच तेल लावायचे. कारखान्यातले सगळेच लावायचे, गुण येतो म्हणायचे. ह्यांच्या पाठीला चोळून कोण द्यायचं? मीच.

मग माझ्या रक्तात कमी कसं?

६ मार्च

मशीनवर बसले, गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई उसवली आणि एक पाय उलटा जोडून ठेवला. न्यायला आले तेव्हा गिऱ्हाईक म्हणाले, "बाई, मी चालू कुठल्या दिशेनं?" दोघंही हसलो. मग दुसऱ्यांदा उसवायला घेतली.

१० मार्च

अभ्यासवाली मुलगी घरी आली, तिचा फॉर्म भरायचा राहिला होता. चांगली आहे, बूट बाहेर काढून आली, चहा घेतला. मी सरळच विचारलं, "माझा आकडा चुकलाय का हो?"

"नाही काकू, दोनदा तपासलाय."

मग तिनं विचारलं, मुलं किती. म्हटलं दोन. धाकट्याच्या वेळी मला टायफॉइड झाला, तो पहिल्या आठवड्यापासून बाटलीवर. "पण थोरलीला चांगलं अडीच वर्षं पाजलं," मी म्हणाले. ऐटीत म्हणाले. शेजारच्या बायका नावाजायच्या मला.

तिचं पेन थांबलं. मग हळूच म्हणाली, "ह्याला शरीराबाहेर पडायला फारसे रस्ते नसतात, काकू. आईचं दूध हा एक आहे."

मी "बरं" म्हणाले. तिला फाटकापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" तेव्हा कुठे मला समजलं ती काय म्हणाली ते.

११ मार्च

थोरलीला सातवा महिना चालू आहे.

१४ मार्च

हे दोन दिवस धड बोलत नाहीत. आज जेवताना म्हणाले, "मी आणलं घरात."

"आणि मी पाजलं."

"तुला काय माहीत होतं?"

"तुम्हाला तरी काय माहीत होतं?"

ताटं तशीच उचलली.

मला नीट विचारच करता येत नाही. आठवण तीच आहे – ती दूध पिता पिता झोपायची, मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट. ही आठवण आता कुठे ठेवू? चांगल्यात की वाईटात?

१८ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन्ही रिपोर्ट पाहिले त्यांनी. म्हणाल्या, "आकडा म्हणजे आजार नव्हे."

"ह्यावर औषध?"

"नाही."

"मुलीनं बाळाला पाजावं की नाही?"

"आईच्या दुधाचे फायदे फार मोठे आहेत. पाजू नका असं मी सांगणार नाही."

"म्हणजे काळजीचं कारण नाही?"

"तसंही म्हणत नाही मी."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "कळलं काही?" म्हटलं, तुम्हाला? बसथांब्यावर आम्ही दोघं चुकीच्या बाजूला उभे होतो. दोन बस गेल्यावर लक्षात आलं.

२३ मार्च, रविवार

थोरलीचा फोन. मजेत होती. बाळासाठी मऊ कापडाची झबली शिवशील का, म्हणाली. शिवते म्हटलं. सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं काय – बंद लावू की बटणं?

२६ मार्च

चार झबली झाली. आता सांगायचं, असं प्रत्येक झबल्याला ठरवलं होतं.

२९ मार्च

हे म्हणाले, "उद्या तू नाही बोललीस तर मी बोलेन." बोलू द्यावं त्यांना, असं क्षणभर वाटलं. पण पाजलं मी होतं.

३० मार्च, रविवार

सांगितलं. कागदावर लिहून घेतलं होतं तरी सगळं उलटसुलट झालं – आधी दूध, मग तेल, मग बादली. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आई, मी नंतर करते." आणि ठेवला.

३१ मार्च

फोन नाही. हे दर तासाला फोनचा आवाज मोठा केलाय ना, ते बघताहेत.

१ एप्रिल

थोरलीचा फोन. तिला दोन वर्षांपासून माहीत आहे. ह्याच लोकांनी सुरुवात कामगारांच्या मोठ्या मुलांपासून केली होती. तिचा आकडा माझ्या तिप्पट आहे. "तू मनाला लावून घेशील म्हणून बोलले नाही," म्हणाली. "परवा तू बोलायला लागलीस आणि मला रडू आवरेना, म्हणून ठेवला." तिच्या डॉक्टरांशी तिचं सगळं बोलून झालंय. ती बाळाला पाजणार आहे.